तळातली ज्वारी

मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर माझ्या मामांचा. ते मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. पोत्यात पोकळ सळई खुपसून ते धान्याचा नमुना काढायचे, आणि सळई नेहमी तळापर्यंत घालायचे. शाळेत असताना मी विचारलं, "वरची ज्वारी दिसतीच की, मग खाली कशाला?"

"वरची दाखवायला ठिवलेली असती. हात घालून बघ ना, मला काय इचारतोस?"

माझ्या कुठल्याही प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर असे. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी संख्याशास्त्राचा पदवीधर झालो, तो त्यांच्या घरी जेवून.

पुढे परभणीत एका सरकारी ऑफिसात हंगामी लागलो. काम पीक कापणीचं. आकड्यांच्या कोष्टकातून निघेल ते शेत घ्यायचं, दोरीनं तुकडा आखायचा, तेवढीच ज्वारी कापून तोलायची. साहेबांचा शेरा चांगला आला, तर जूनमध्ये मी कायम होणार होतो.

त्याच वर्षी ऑफिसात कॉम्प्युटर आला. साहेबांनी नारळ फोडला, चपला बाहेर काढायचा हुकूम काढला. मशीनला मागच्या वीस वर्षांचा पाऊस आणि ज्वारीचे एकरी उतारे भरवले होते. त्यावरून ते यंदाचा उतारा सांगत होतं. हे त्याला कळतं कसं, या प्रश्नानं मला जेवण गोड लागेना. मी विचारलं.

"तू आकडे भर. शिकायचंच होतं तर कॉलेज कशाला सोडलं?" साहेब म्हणाले. टेबलं हसली. त्या दिवसापासून मी दारात दिसलो की कुणीतरी ओरडायचं, "चौकशी आयोग आला, चपला लपवा!"

मला चारठाण्याकडची शेतं मिळाली. तिकडे रेल्वे नव्हती; एसटीनं गेलो, पुढे चाललो. मुरमाड रानातली ज्वारी मशीनच्या आकड्याच्या निम्मीच भरली. साहेबांनी सगळ्यांदेखत फॉर्म माझ्यापुढे फेकला. "मशीन चुकत नाही. तुझी दोरी चुकली. आकडा सुधार आणि सही कर."

पण ज्यांच्या शेतात मी दोरी लावली होती, त्या बाईंचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. "इतकी वर्सं कुणीच न्हाई आलं बगा दोरी घेऊन. सरकार ज्वारी टेसनावरच पिकवायलंय व्हय?"

ज्यांतले आकडे मशीनला भरवले होते, ते जुने फॉर्म मी काढले. पिंगळी, पुन्हा पिंगळी, नाहीतर स्टेशनाजवळचंच दुसरं एखादं गाव. कापणीची वेळ पाहावी तर अकरा ते तीन. सकाळच्या पॅसेंजरनं उतरायचं, दुपारच्या पॅसेंजरनं परतायचं, मधल्या वेळात चालत गाठता येईल ते काळं, कसदार रान कापायचं. चारठाण्याकडचा एकही फॉर्म नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी धावतच साहेबांकडे गेलो. त्यांनाही होईल असं वाटलं, हा माझा बावळटपणा. "साहेब, मशीनचा दोष नाही. आपण त्याला स्टेशनाजवळचीच ज्वारी दाखवली."

त्यांनी एक फॉर्म उचलला. खाली त्यांचीच सही होती, ते नवीन लागले तेव्हाची. त्यांनी तो पालथा ठेवला.

"मापाड्याचा भाचा ना तू? मोंढ्यातली पोरं खुर्चीवर बसवली की हे असं होतं. सही करतोस का नाही?"

मी केली नाही. नंतर जूनपर्यंत कुणी मला चहाला बोलावलं नाही, आणि माझी चप्पल दोनदा गटारात सापडली. यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. त्या ऑफिसचा मला आजही राग येतो. पुढे मशीनला शिकवण्याचंच काम करत आलो, तरी तो कमी झाला नाही.

यादी लागली त्याच दिवशी पोस्टात बसून हे पत्र लिहिलं:

"ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार. पत्र मोंढ्यातल्या मुनीमजींकडून वाचून घ्या. मी कायम झालो नाही. साहेबाला तळातली ज्वारी दाखवली, ती त्याला बघायची नव्हती. तुमच्या नादानं नोकरी गेली असं मामी म्हणतील. ते खरंच आहे, आणि त्यासाठी मी तुमच्या पाया पडतो. एक विचारायचं राहिलं. सळई तळापर्यंत घालता म्हणून मोंढ्यात तुम्हाला कुणी शिव्या देत होतं का? तुम्ही घरी कधी बोलला नाहीत. सोमवारी येतो. तुमचा भाचा."