नाताळ सोडून कधीही

भिंतीवर काठीने दोनदा टक टक झालं की समजायचं, आंटी बोलावतेय, संपादकाला उत्तर द्यायचंय. मी आपली गॅस बंद करून, बाळाला कडेवर घेऊन पळायची, कारण उशीर झाला की तिसरी टक जोरात यायची आणि बाळ दचकायचं, आणि त्याच्याहून जास्त मी.

वाकोल्याच्या गावठाणात तिच्या घरामागची खोली आम्ही भाड्याने घेतलेली. मला तेव्हा सगळ्याचीच भीती. बाळ खोकलं तरी भीती, नाही खोकलं तरी भीती. आंटी ख्रिश्चन, एकटी, आयुष्यभर मराठीत गोष्टी लिहिलेल्या. आता हात कापायचे, म्हणून ती बोलायची आणि मी तिच्या मोबाइलवर टाइप करायची. मी आठवी नापास.

"आंटी, चुका होतील ना."

"होऊ दे. संपादकाला पगार कशाचा मिळतो?"

तुमच्याही शेजारी असं घर असेल. नाताळात फराळाचं ताट येतं, तेवढीच ओळख. आंटीचं तेच दुखणं. तो मासिकवाला संपादक चांगला माणूस, 'बाई, तब्येत कशी' विचारायचा, पण गोष्ट मागायचा ती फक्त डिसेंबरच्या अंकासाठी. दरवर्षी. आणि गोष्टीच्या चारी बाजूंनी तारे, घंटा छापायचा.

"मी काय फक्त डिसेंबरात मराठी असते?" ती माझ्यावरच ओरडायची.

मागच्या उन्हाळ्यात तिने नवीन गोष्ट सांगितली. एक पोरगी, गावाहून आलेली, दिवसभर बाळाच्या छातीला कान लावून बसते. टाइप करता करता मला कळलं, अगं, ही तर मीच. बोट थांबलं.

"आंटी, लोकं हसतील."

"ज्यांनी पोरं वाढवलीत ते नाही हसणार. लिही."

संपादकाचं उत्तर आलं, मी वाचून दाखवलं. "गोष्ट छान आहे बाई. पण यात तुमचं वातावरण दिसत नाही. चर्च, एखादी प्रार्थना टाकता का? नाताळला घेऊ."

आंटीने मला ते परत एकदा मोठ्याने वाचायला लावलं. मग म्हणाली, "लिही. संपादकसाहेब, आमच्यातही पोरं नुसतीच खोकतात. साध्या महिन्यात छापा, नाहीतर परत द्या."

"एवढं कडक? रागावला तर?"

"पाठव गं. तो काय चावतोय?"

मग उत्तरच नाही. रोज विचारायची, "आलं?" पावसात तिला दम लागला, हॉस्पिटलात नेली. जाताना मोबाइल माझ्या हातात कोंबला. "उत्तर आलं तर बघ." परत आली नाही.

माती दिल्यावर थोड्या दिवसांनी उत्तर आलं. "बाई गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. गोष्ट नाताळ अंकात श्रद्धांजली म्हणून घेतो."

आता सांगायला कुणी नव्हतं. बाळाला खाली ठेवलं आणि माझ्या मनानेच टाइप केलं, "सर, मी आंटीची भाडेकरू. आंटी बोललेली नाताळात नको. साध्या महिन्यात छापा, नाहीतर परत द्या." पाठवलं, आणि मोबाइल उशीखाली ढकलून बाळाला घट्ट धरून बसले.

सप्टेंबरचा अंक आला. तारे नाहीत, घंटा नाहीत. नुसती गोष्ट आणि तिचं नाव.

तिच्या घराला भाच्याने कुलूप लावलंय. मी भिंतीला पाठ लावून अख्खी गोष्ट मोठ्याने वाचली, ती वाचायला लावायची तशी, अडखळत. संपली. मग लाटणं घेतलं आणि भिंतीवर दोनदा वाजवलं, हळूच.