तिचं काय विचारायचं

खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळायचे. अकरा वर्षांची मैत्रीण होती ती माझी. मस्कतला उतरले त्या दिवशी पहिला वरणभात मी तिच्याच घरी जेवले, हे सगळं खरं. तरी जळायचे. ती मंडळाच्या हॉलमध्ये शिरली की बायका सरकून जागा करायच्या आणि तिच्या मागोमाग मी आत आले की म्हणायच्या, "अगं, दार लावून घे, एसी जातोय."

तिच्यात एवढं काय आहे, ते मी वर्षानुवर्षं शोधत होते. दिसायला माझ्यासारखीच, चारचौघींसारखी. शिक्षण माझं जास्त. नोकरी मी करते, ती घरी असते. पण कोणाची आई इस्पितळात असली की डबा हिचा. कोणाचा व्हिसा अडकला की हिच्या नवऱ्याच्या ओळखीतला ओमानी माणूस धावणार. लग्न होऊन नव्याने आलेल्या मुलीला मेथी कुठे मिळते इथपासून कोणती डॉक्टरीण अंगावर ओरडत नाही इथपर्यंत सगळं हीच सांगणार. एप्रिलातल्या जयंतीला पांढरी साडी नेसून ही स्टेजवर दोन मिनिटं बोलली तरी टाळ्या थांबायच्या नाहीत. त्या कार्यक्रमाची खुर्च्यांपासून खिरीपर्यंतची यादी मी केलेली असायची. यादी करणाऱ्याला टाळ्या कोण वाजवतं!

आमच्या इथल्या मराठी मंडळात दोन पॅनल आहेत. अध्यक्षपदासाठी आमच्या पॅनलचा माणूस कोण, हे दर वेळी आपसांत भांडून ठरायचं. गेल्या खेपेला मात्र एक नवीनच टूम निघाली. आमच्यातले एक साहेब, अल् खुवैरला एका कंपनीत इंजिनियर, मुलाकडे अमेरिकेत दोन महिने राहून आले होते. आल्यापासून त्यांचं एकच पालुपद. "तिथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार वरून लादत नाहीत. पक्षातले लोकच आधी मत देऊन तो निवडतात. आणि त्याच्याही आधी फोन करकरून कौल घेतात, कोण आवडतं, कोण नाही, का नाही. आपणही तसंच करू."

आपण म्हणजे कोण? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझं पोटापाण्याचं कामच ते. अल् खुवैरमधल्या आमच्या ऑफिसातून आम्ही लोकांना फोन करून विचारतो, दूध कुठलं घेता, कुठल्या बँकेवर वैतागलात. दहा वर्षं हेच चाललंय.

"आणि ही तटस्थ आहे," साहेब म्हणाले. "हिला काही उभं राहायचं नाही."

मला कोणी विचारलं होतं का? एकाने तरी? नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी हसून मान डोलावली. मला उभं राहायचं होतं. किती दिवसांपासून राहायचं होतं, ते नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं.

नावं दोन होती. एक अर्थात तिचं. दुसरं चाचांचं. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, इब्राच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं कापडाचं दुकान. म्हातारा माणूस, तोंडाने फटकळ, मनाने साफ. दर शुक्रवारी गाडी हाणत मस्कतला येणार आणि आल्या आल्या कोणाला तरी झापणार. हे दोघं उभे राहायला तयार होते. पॅनलमधल्या सगळ्यांना फोन करायचे, कौल घ्यायचा आणि मग शुक्रवारी बैठकीत हात वर करून उमेदवार निवडायचा, असं ठरलं.

मुलीची कुरुमला ट्यूशन असायची. ती आत, मी बाहेर गाडीत एसी लावून, मांडीवर कागद. ऑफिसचाच कोरा फॉर्म मी घेतला होता. प्रत्येक नावापुढे चार रकाने: हो, नाही, ठरलं नाही, उत्तर नाही. शेवटी शेरा. शेऱ्यात समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, ही माझी दहा वर्षांची सवय. हात आपोआप लिहितो.

पहिला फोन एका बाईंना लावला. मैत्रिणीचं नाव घेऊन विचारलं, "अध्यक्ष म्हणून या तुम्हाला पसंत आहेत का?"

"तिचं काय विचारायचं!" बाई म्हणाल्या आणि सुटल्याच. त्यांच्या बाळंतपणात तिने काय केलं, मुलाच्या तापात काय केलं. मी "हं, हं" करत राहिले.

दुसऱ्या फोनवरही तेच, "तिचं काय विचारता!" तिसरीकडे एक आजी, मुलाकडे राहायला आलेल्या. म्हणाल्या, "हातच्या कांकणाला आरसा कशाला गं बाई?"

आमच्या फॉर्मच्या तळाशी एक नियम छापलेला असतो. समोरच्याने उलट प्रश्न केला, किंवा विचारू नका म्हटलं, तर ‘उत्तर नाही’मध्ये फुली मारावी. आता तुम्हीच सांगा, "तिचं काय विचारायचं" हा प्रश्न आहे की नाही? विचारू नका म्हटलंय की नाही? मी ‘उत्तर नाही’वर फुली मारली. चुकून मारली असं म्हणता आलं असतं, पण चुकून नव्हती. पेन ‘हो’वर टेकलं होतं, तिथून मी ते उचललं. आणि काय सांगू, बरं वाटलं. उन्हातून घरी आल्यावर माठातलं पाणी प्यावं, तसं बरं वाटलं.

चाचांबद्दल लोक सरळ बोलत. "हो, चालतील की." "म्हातारा ओरडतो, पण हो." त्यांच्या पानावर ‘हो’च्या फुल्या पडत गेल्या. तिच्या पानावर तो रकाना ओसाड. जी सगळ्या गावाला हवी होती, तिला माझ्या कागदावर कोणीच हो म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणखी पुढे गेले. तिसरं पान काढलं आणि वर माझं नाव घातलं. आमच्या धंद्यात दोनच नावं कधी ठेवत नाहीत, तुलनेला तिसरं लागतं, असं मी मनाशी म्हटलं. फोनवर सगळं विचारून झालं की हसत हसत विचारायचे, "आणि समजा, गंमत म्हणून हं, मीच उभी राहिले तर?"

"तुम्ही?" मग, "वा! बघू की."

बघू. एकामागून एक, सगळे बघू म्हणाले. कोणी "बघू, वेळ आहे अजून" म्हणालं, कोणी "बघू, इन्शाल्ला." आपल्याकडे बघू म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. मुलगी नवा फोन मागते तेव्हा मी तिला रोज बघूच म्हणते. पण फॉर्मला काय त्याचं! मी ‘ठरलं नाही’वर फुली मारत गेले. ठरलं नाही म्हणजे अजून ठरू शकतं.

इब्राला चाचांनाही फोन केला. ते स्वतः उमेदवार, त्यांना विचारायचं काही कारण नव्हतं. पण मला वाटलं, निदान हा माणूस तरी तिला नावं ठेवील. एक तरी वाकडा शब्द माझ्या कानावर पडेल. शेऱ्यात लिहीन, जपून ठेवीन.

"तिचा काय इचारतंस, बाय!" चाचा गरजले. "ती उभी ऱ्हायली तर मी कशाला उभा ऱ्हातोय? पोरांनी नाव घातलानी म्हणून हाय आपला."

मी तेही लिहून घेतलं आणि फुली पुन्हा तिथेच मारली.

त्या आठवड्यात तिचा एकदाच फोन आला. "काय म्हणतात गं लोक?" आणि लगेच, "नको नको, सांगू नकोस, तुमचा नियम असेल. दमली असशील, उद्या भाजी करू नकोस, मी पाठवते." असा संताप आला मला! वांग्याची भाजी आली. चवीला माझ्यापेक्षा चांगली होती.

शुक्रवारी दुपारी साहेबांच्या घरी बैठक भरली. जुम्याची नमाज उरकून चाचा इब्राहून आले. चहा झाला, चिवडा झाला. मी रंगीत पट्ट्या काढून आणल्या होत्या, साहेबांनी त्या मोठ्या टीव्हीवर लावल्या: ‘हो’ हिरवं, ‘ठरलं नाही’ पिवळं, ‘उत्तर नाही’ करडं. चाचांची पट्टी हिरवीगार. तिच्या पट्टीत हिरवं नावालाही नाही, सगळं करडं. तिसरी पट्टी, माझी पण नाव न लिहिलेली, जवळजवळ अख्खी पिवळी, आणि खाली मीच लिहिलेली ओळ: तिसऱ्या नावाला वाव आहे.

ती सोफ्याच्या टोकाला बसली होती. टीव्हीकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "म्हणजे लोकांना मी नकोय का?" कोणाला उद्देशून नाही, अशीच. मग हसायचा प्रयत्न केला. "चालेल की. चाचा उभे राहतील. मी आपली चहाचं बघते." पण डोळे भरले होते तिचे.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत तिच्याकडे कोणाला बघवत नव्हतं, आणि मी मात्र बघत होते. आता कोणीतरी तिसऱ्या पट्टीबद्दल बोलेल म्हणून वाट बघत होते.

बोलले ते चाचा. "बाय, माजा मत कुठं टाकलंस?"

"उमेदवाराचं मत धरत नाहीत, चाचा."

"मग इचारलंस कशाला?"

चाचा उठून उभे राहिले. "मी हिला बोललो, तिचा काय इचारतंस. आता ह्याचा अर्थ काय, ता सांगाया वकील लागंल काय?"

"अय्या, मीही तेच म्हटलं होतं," एक बाई म्हणाल्या.

"मीपण!"

"आमच्या सासूबाईंनी तर कांकणाची म्हण सांगितली तुम्हाला. ती कशात धरलीत?"

साहेबांनी चष्मा काढला आणि टीव्हीवरच्या करड्या रंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळेच माझ्याकडे बघत होते. इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघतायत, हे त्या मंडळात पहिल्यांदाच घडत होतं.

तीही बघत होती. तिला कळलं. कसं कळलं ते विचारू नका, तिला नेहमीच सगळ्यांचं कळतं. आणि मग ती खळखळून हसली. "अहो, हिच्या ऑफिसचा फॉर्म पडला इंग्रजी! त्याला आपलं मराठी काय कळणार? माझ्या मुलाला कळत नाही अजून. ‘तुझं काय सांगायचं’ म्हटलं की सांगायला बसतो!"

खोली हसण्यात बुडाली. चाचा म्हणाले, "खलास! ठरला मग." सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला, काय करणार. तिने मला वाचवलं, सगळ्यांदेखत, एका वाक्यात. त्या क्षणी तिचा जितका हेवा वाटला तितका कधीच वाटला नव्हता. एवढं मन आणते कुठून ही?

मी पर्स उचलून कोणाला न सांगता खाली उतरले. गाडीचं दार उघडते तोच ती मागून आली.

"कागद दे," म्हणाली.

दिले. गाडीच्या टपावर ठेवून तिने तिथेच उभ्याउभ्या वाचायला घेतले. ऊन उतरलं होतं, पण पत्रा अजून तापलेला होता. तिच्या पानावरचे शेरे तिने एकेक करून वाचले, माझ्याच अक्षरातले. अधूनमधून ओठ हलायचे. मग तिसरं पान आलं. वरचं नाव वाचून ती थांबली. खालचे सगळे बघू तिने बोट लावून वाचले. एकही सोडला नाही. मला वाटलं जमीन दुभंगावी.

"मला का नाही फोन केलास?"

"तू उमेदवार..."

"चाचांना केलास की."

मी गाडीच्या दाराकडे वळले.

"मला विचारलं असतंस तर ह्या पानावर एक तरी हो आलं असतं," ती म्हणाली. "मी माझं नाव मागे घेतलं असतं गं. सगळ्यांना मी स्वतः फोन केले असते तुझ्यासाठी. नुसतं सांगायचं होतंस."

ती खरंच बोलत होती. तिने फोन केले असते आणि तिच्या शब्दावर लोकांनी मला निवडूनही दिलं असतं. ते मला चाललं असतं का, कोण जाणे. मी "चुकलं माझं" म्हणाले. तिने ऐकलं असेल. कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले आणि ती जिना चढून वर गेली. वर सगळे तिची वाट बघत होते.

निवडणूक ती जिंकली. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला मला बोलावणं येतं, ती स्वतःहून फोन करते. परवा हॉलच्या दारात भेटली. दोन्ही हात हातात घेऊन तिने विचारलं, "कशा आहात? तब्येत काय म्हणते?"

अकरा वर्षं मला अगं-तुगं करायची ती.