मागचं पान पुढे आणणारी आंटी

आधी चष्मा काढायची. मग प्रूफ हात लांब करून धरायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "माका दिसना नाय. म्हणजे कोणाकच दिसाचा नाय. अक्षरां वाढव."

"आंटी, जागा नाय."

"मगे तो फोटो काढून टाक."

फोटो कोणाचा, हे तुम्हाला सांगायला नको. सरकारी माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर कोण हसत असतं ते तुम्हीही पाहिलं आहे. मालवणात माझं छपाईचं छोटं दुकान, त्यातलं निम्मं काम सरकारी कार्यालयांचं, आणि ही बाई माझ्याच खुर्चीत बसून साहेबांच्या साहेबांना मागच्या पानावर धाडायची. वर म्हणायची, "तेंचा तोंड लोकांका ठावक आसा रे. आपला घर रवतला काय जातला, ता ठावक नाय. ता पुढे घाल."

तिचं नाव सांगत नाही. केलेल्या एकाही कामावर तिने ते घातलं नाही, मी कोण घालणार? सगळं गाव तिला आंटी म्हणायचं. मुंबईत जाहिरातींच्या धंद्यात केस पांढरे झाले आणि मग ती बापाच्या घरी परत आली. "जल्मभर लोकांका नको ती वस्तू गोड बोलान इकलंय," म्हणायची, "आता होयी ती सांगतंय." कार्यालयाकडून जाडजूड मसुदा यायचा, वाचता वाचता माणूस झोपेल असा. त्याचं घडीपत्रक करायचं. शब्द आणि मांडणी तिची, छपाई आणि शिव्या खाणं माझं.

तिची काम करायची रीत ऐकलीत तर हसाल. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं मोठ्याने म्हणतो आणि जमलेले सगळे ओरडतात, "व्हय म्हाराजा!" आंटीचं घर देवळाच्या दगडी गडग्याला लागून. लहानपणापासून ती ते ऐकत आलेली. तिचं म्हणणं असं, की गाऱ्हाणं घालणाऱ्याला जे कळतं ते मंत्रालयात कळत नाही. एका वाक्यात एकच गोष्ट. दोन कोंबल्या की लोक व्हय कशाला म्हणणार? "आमच्या इगर्जीत आमेन, तुमच्या देवळात व्हय म्हाराजा. वाक्य लांबला काय दोनय ठिकाणी लोक जांभयो देतत."

म्हणून ती दुकानात उभी राहून मजकूर खणखणीत वाचायची आणि मी आणि घड्या घालणाऱ्या दोन बायका, आम्ही व्हय म्हाराजा म्हणायचं. आवाज जिथे डळमळला तिथे तिची पेन्सिल चालायची. एकदा लग्नपत्रिका छापायला आलेल्या एका भल्या माणसाने चपला बाहेर काढल्या आणि हात जोडून दारातच उभा राहिला. आत विधवा पेन्शनची पात्रता चालली होती. आंटीने त्यालाही सोडलं नाही. पुढची दोन वाक्यं त्याच्याकडून म्हणून घेतली.

तर हे असं हसतखेळत चाललं होतं. मग किनाऱ्याचा आराखडा आला.

किनाऱ्यावर कुठे काय बांधायचं आणि काय नाही, ते ठरवणारा मसुदा. सोबत नकाशा, नकाशावर एक रेषा. देवबागेत जमीन ती केवढी! एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये वाळूची जीभ आणि तिच्यावर घरं. आंटीने नकाशा टेबलावर पसरला आणि बोटाने घरं मोजली. टोकाकडची घरांची एक ओळच्या ओळ त्यात नव्हती. तिथे नुसती वाळू दाखवलेली. मसुद्याच्या पार शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की ज्यांना हे मान्य नाही त्यांनी मुदतीत लेखी हरकत घ्यावी. नाही घेतली, तर घरं कागदावर वाळूच राहणार आणि उद्या छपराचं कौल बदलायलाही परवानगी मिळणार नाही.

आंटीने ते शेवटचं पान पहिल्या पानावर आणलं. ठळक, काळ्यात, हात लांब करून वाचता येईल एवढं मोठं.

मग पत्रक पारखायला आम्ही देवबागेत गेलो. कार्यालयाने एक कारकून बरोबर दिला होता. जाळी सुकत होती तिथे बायामाणसं जमली. पुढ्यात रुक्मीणकाकी बसली होती, मासे विकणारी, टोकाकडच्या त्याच ओळीत राहणारी, तोंडाने फटकळ. आंटीने सुरू केलं.

"सरकारने किनाऱ्याचा नकाशा केला आहे."

"व्हय म्हाराजा!"

"नकाशात एक रेषा आहे."

"व्हय म्हाराजा!"

"रेषेच्या अलीकडे जे घर नकाशात नाही, ते घर धरलं जाणार नाही."

"व्हय म्हाराजा!" आणि सगळ्यांत मोठा आवाज रुक्मीणकाकीचा. लोकांना गंमत वाटत होती, पोरंटोरं हसत होती. हरकतीचं वाक्य आलं तेही त्याच दणक्यात पार पडलं. कारकून खूश झाला, मीही झालो. आंटी तेवढी परतीच्या वाटेत पत्रक उलटसुलट करत होती.

दोन दिवसांनी कार्यालयाचा निरोप आला. ग्रामस्थांनी आराखड्यास एकमुखाने होकार दिल्याने हरकतीचा परिच्छेद पत्रकातून वगळावा.

काय सांगू तुम्हाला! एवढी संतापलेली आंटी मी कधी पाहिली नव्हती. पण आधी संतापली ती स्वतःवर. "चूक माजी," म्हणाली. "गाऱ्हाण्यात नाय म्हणूक जागाच नसता. ह्या माका आदी सुचाक होया होता." मग छत्री उचलली. "चल कार्यालयात."

कार्यालयात ती शुद्ध मराठी बोलायची, शाळेत बक्षीस मिळवल्यासारखी.

"साहेब, लोक व्हय म्हणाले म्हणजे ऐकलं म्हणाले. मान्य आहे असं कोणी म्हणालं नाही."

"बाई, तुम्हीच वाचलंत, तुमच्याच समोर म्हणाले. आता कशाला घोळ घालता?"

"घोळ माझ्या वाचण्यात झाला, तो मी निस्तरते. परिच्छेद निघणार नाही."

"पत्रक आमचं आहे."

"आणि परिच्छेद? तोही तुमचाच. तुमच्या मसुद्याचं शेवटचं पान. मी फक्त पुढे आणला. तो छापायची तुम्हाला लाज वाटत असेल, तर मसुद्यात तरी कशाला लिहिलात?"

साहेब लाल झाले. काम दुसरीकडे देऊ म्हणाले. आंटी उठली, "द्या," म्हणाली आणि चालू लागली. मी मात्र उगाच नमस्कार करत मागे मागे सरकत बाहेर आलो.

बाहेर आल्यावर मी हात जोडले. "आंटी, पाण्यात रवान माशाबरोबर वैर कित्याक?"

"देवबागवाले पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात रवतत. तेंका इचार, मासो कोण तो." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "भितस काय रे?"

"भितंय तर! माजा पोट तेच्यार आसा."

"भी. पण छाप."

आणि मी छापलं. शूर वगैरे नाही हो मी, पण तिला नाही कसं म्हणतात ते मला कधी जमलंच नाही. फोटो नाही, राजमुद्रा नाही, एकच पान. वर मसुद्यातलं तेच वाक्य, खाली हरकत कुठे द्यायची ते. पानं घेऊन आंटी पुन्हा देवबागेत गेली. या वेळी व्हय म्हाराजा बंद. ती एक वाक्य वाचायची, थांबायची आणि समोरच्याला सांगायची, "आता तू माका सांग. तुज्या घराचा काय होतला?"

रुक्मीणकाकी आधी हसली. मग सांगायला लागली आणि मध्येच अडकली. "म्हणजे गो आंटी... माजा घर नकाशात नाय? थंय वाळू आसा? मगे मी खंय ऱ्हवतंय, वाळयेत?"

कोणी हसलं नाही. तिची सून पदर तोंडाला लावून उभी राहिली. रुक्मीणकाकी ताडकन उठली आणि सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो मी इथे छापू शकत नाही. त्यानंतर आंटीला फारसं काही करावं लागलं नाही. घरोघर तोच प्रश्न फिरला आणि घरोघरून लेखी हरकती गेल्या.

हरकतींवरच्या सुनावणीच्या दिवशी शाळेचा हॉल भरला. एकेक माणूस उठायचं आणि आपलं घर सांगायचं. विहीर कधी बांधली, माड कोणी लावला, कुठल्या वादळात भिंत गेली आणि कोणी उभी केली. एका वाक्यात एक गोष्ट? छे! वाक्य संपेचना कोणाचं. साहेब घड्याळ बघत होते, लिहिणाऱ्याचा हात दुखायला आला होता. आंटी शेवटच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, तिला धाप लागत होती. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"माझं घर नकाशात आहे, साहेब. ज्यांचं नाही त्यांचं ऐका."

मोजणी पुन्हा करायचं ठरलं. मोजणीवाले फीत घेऊन आले आणि रुक्मीणकाकीने त्यांना आपलं न्हाणीघरसुद्धा मोजायला लावलं.

आंटी मात्र ते बघायला राहिली नाही. धाप वाढत गेली, मग गोव्याच्या इस्पितळात नेलं आणि परत आणलं ते इगर्जीच्या आवारातच. देवबागेहून माणसं होड्यांनी आली होती. मी ढसाढसा रडलो. रडायचं नाही तर काय करायचं? आईनंतर माझ्यावर हक्काने ओरडणारं तेवढं एकच माणूस होतं. त्या कार्यालयाचं काम माझ्याकडे आजही येत नाही. न येवो! लग्नपत्रिकांवर माझं चालतं आहे.

परवा रुक्मीणकाकी दुकानात आली. माशांची पाटी बाहेर ठेवली, ओले हात लुगड्याला पुसले आणि हातातली नोटीस माझ्यापुढे धरली. खाडीकडच्या नव्या धक्क्याची होती.

"आंटी नाय, तर तू वाच."

मी वाचलं. सोपं करत वाचलं, जमेल तसं. मधे दोनदा अडखळलो तर म्हणाली, "परत वाच." पुरतं ऐकून घेतल्यावर ती आंटीच्या त्या खुर्चीत बसली नाही, उभीच राहिली.

"कळला?" मी विचारलं.

"कळला. माका मान्य नाय. लिव."