तुमचा एक फोटो काढू का?

हनुवटीकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नसे. पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला ते म्हणत, "हनुवटी जरा वर... हां, आता हलू नका." त्यावरून हे नाव पडलं. परदेशी निघालेले कितीतरी चेहरे त्यांनी पांढऱ्या पडद्यापुढे टिपले, स्वतः मात्र कुठे गेले नाहीत. पुढे बायको गेली, मोबाइलमुळे धंदा बसला आणि स्टुडिओला कुलूप लागलं. तेव्हा परदेशात राहणाऱ्या मुलानं तिकीट पाठवलं. "बाबा, दोन-तीन महिने आमच्याकडे या. एकटे काय भिंतींशी बोलत बसलाय!"

तिथे गेल्यावर भिंती तेवढ्या बदलल्या. मुलगा नि सून सकाळी डबे घेऊन बाहेर पडत, ते दिवेलागणीनंतरच परतत. दिवसभर काका फ्रिजच्या घरघरीला हुंकार देत बसत.

एका सुटीच्या दिवशी सुनेनं त्यांचा कॅमेरा बॅगेतून काढून त्यांच्या गळ्यात अडकवला. "बाबा, जरा बाहेर पडा. पण इथे न विचारता कुणाचा फोटो काढायचा नाही हं. लहान मुलांचा तर आईबाप हो म्हणाल्याशिवाय नाहीच. पोलीस दिसले की कॅमेरा खाली. आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जास्तीची आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेला."

"अगं, पण विचारू कसा? मला कुठे येते यांची भाषा?"

मग तिनं एकच वाक्य शिकवलं, 'तुमचा एक फोटो काढू का?' काकांनी ते दाढी करताना घोकलं, जिना उतरताना घोकलं.

पहिल्याच बाईनं तळहात आडवा धरला नि ती पुढे निघून गेली. काका जागच्या जागी खजील झाले. स्टुडिओत माणसं आपल्या पायांनी येत. परवानगी मागायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. पण फूलवालीनं मान डोलावली, चांभारानं तर एप्रन झटकून पोझ दिली. हळूहळू काकांना नकाराचंही काही वाटेनासं झालं. नाही म्हणायला का होईना, माणूस थांबून त्यांच्याकडे बघे.

"आज किती फोटो मिळाले?" सून विचारी.

"एकच. पण चौघांशी बोललो," काका म्हणत.

एका गारठलेल्या सकाळी बागेतल्या बाकावर त्यांच्याच वयाची एक बाई एकटी बसली होती. काकांनी वाक्य म्हटलं. ती दचकली, मग टोपी काढून तिनं केस सारखे केले आणि ताठ बसली. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, तर आत काळोख. बॅटरी संपली होती आणि जास्तीची घरी टेबलावर राहिली होती. हे सांगायचं कसं? काकांनी बोटानं हनुवटी वर करायची खूण केली आणि बंद कॅमेऱ्याचं बटण दाबलं. बाईनं फोटो बघायला हात पुढे केला, तसे ते हात जोडून झपाझप निघून आले.

"तिला काय कळणार आहे, बाबा!" जेवताना मुलगा हसला.

"तिनं केस सारखे केले रे," काका म्हणाले आणि ताटावरून उठले.

त्यानंतर ते रोज बागेत जाऊ लागले. बाक रिकामा असे. परतीचं विमान दोन दिवसांवर आलं, तेव्हा कुठे ती दिसली. काकांनी खिशातून बॅटरी काढून दाखवली, डोळे मिटले, मान टाकली. बाईचा चेहरा कठोर झाला. मग तिनं बाकावरची पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि त्यांना जागा करून दिली.

ती बोलू लागली. एक अक्षर कळत नव्हतं, तरी काका "हं, हं" करत राहिले. मध्येच तिचा आवाज भरून आला, मग तीच हसली. त्यांना कळत नाही हे तिलाही ठाऊक असावं. शेवटी काकांनी फोटो काढला नि दाखवला. तिनं तो निरखून पाहिला, दोन शब्द बोलली आणि पिशवी उचलून गेली. फोटो आवडला की नाही, ते काही कळलं नाही.

संध्याकाळी मुलगा फोटो बघत होता. "ही कोण, बाबा?"

"माहीत नाही."

"निदान नाव तरी?"

"ते विचारता कुठे येतं मला?"

सून भांडी पुसता पुसता थांबली. मग त्यांच्याजवळ बसून तिनं दुसरं वाक्य शिकवलं. ते काकांना लवकर जमेना, तिनं पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका अंधार पडेपर्यंत बाकावर बसून राहिले. ती आली नाही. बॅग भरायची राहिली म्हणून मुलाचा फोन आला, तेव्हा ते उठले.