आबांचा टूरिस्ट व्हिसा

माझ्या पासपोर्टवर तीन बिझनेस व्हिसे आहेत. तिन्ही वेळा मी परदेशात जाऊन बंद खोलीत लॅपटॉप उघडून बसलो, जे मी हिंजवडीत रोजच करतो. त्यामुळे टूरिस्ट कशाला म्हणतात आणि बिझनेस कशाला, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. निदान असा माझा समज होता.

आबा, म्हणजे माझे वडील, मांजरीत ऊस करतात. भोवती इमारती उठल्या, आमचीही निम्मी जमीन त्यात गेली, पण उरलेल्या तीन एकरांत आबा रोज सकाळी हजर असतात. त्यातला एक तुकडा चोपण, मिठानं पांढरा पडलेला. तिथं गवतही धड येत नसे. आबा बारा वर्षं त्या तुकड्याच्या मागे लागले आणि तिथं ऊस उभा केला. कसा केला, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी त्यांना परदेशातल्या एका परिषदेचं पत्र आलं. त्यांनी ते मला व्हॉट्सॲपवर पाठवलं, नऊ पानी पीडीएफ. मी पहिलं पान पाहिलं, तारखा टिपून घेतल्या आणि ठरवून टाकलं की हा अभ्यास दौरा असणार. आमच्या भागातून शेतकऱ्यांचे असे दौरे निघतच असतात. चाळीस जण, डोक्यावर एकसारख्या टोप्या, दोन शेतं, चार धबधबे आणि येताना चॉकलेटं.

फॉर्म भरायला बसलो तर पहिलाच प्रश्न, टूरिस्ट की बिझनेस. बिझनेसला आयोजकांचं पत्र जोडा, कामाचं स्वरूप लिहा, नसती लांबण होती. बायको म्हणाली, "ते पत्र एकदा नीट वाचून घे की."

"अगं, आबांचा कसला आलाय बिझनेस?" मी म्हणालो आणि टूरिस्टवर क्लिक केलं.

आबा शेजारीच बसले होते. "मला तिथं बोलायचं हाय बरं का," ते म्हणाले.

"बोला की आबा. तिथं काय, सगळेच बोलतात." आणि मी त्यांच्या चार दिवसांचा कार्यक्रम टाइप करायला घेतला. एक बाग, दोन म्युझियम, बोटीची सफर. फार हौसेनं केला होता तो मी, आज आठवलं की लाज वाटते. आबांनी दाखवीन तिथं सह्या केल्या. इंग्रजी कागदाच्या बाबतीत त्यांचा माझ्यावर डोळे झाकून विश्वास होता.

दोन आठवड्यांनी आम्ही व्हिसा केंद्रातून पासपोर्ट आणायला गेलो. आबांनी परिषदेसाठी शिवून घेतलेला शर्ट त्या दिवशीच घातला होता. पार्किंगमध्ये, गाडीत बसून मी पाकीट फोडलं. व्हिसा नव्हता. आत एक कागद होता. अर्जात लिहिलेला प्रवासाचा हेतू आणि अर्जदारानं स्वतः दिलेली माहिती जुळत नाही, सबब अर्ज नामंजूर.

"आबा, तुम्हाला यांचा फोन आला होता का?"

"आला व्हता की सोमवारी. हिंदीत इचारलं, घूमने जा रहे हो क्या. म्या सांगितलं, घूमने को नहीं जी, बोलने को जाता है हम."

माझं डोकंच सणकलं. "फिरायला चाललोय म्हणायचं, एवढं साधं होतं. नको तिथं शहाणपण करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी असा खेकसलो की शेजारच्या गाडीतल्या बाई वळून बघायला लागल्या.

आबांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. तेच पीडीएफ, पण पान सहावं. वर आबांचा फोटो, आमच्याच उसात उभे असलेले. खाली त्यांचं पूर्ण नाव. उद्घाटनाचं सत्र, पहिले वक्ते, विषय चोपण जमिनीतला ऊस, वेळ चाळीस मिनिटं, सोबत दुभाषा. त्यांच्यानंतरची नावं सगळी डॉक्टर आणि प्रोफेसर. मी ते तीनदा वाचलं. मला कुठल्याही देशात कुणी चाळीस मिनिटं बोलू दिलेलं नाही.

"लोणीच्या कॉलेजातल्या सरांनी वाचून दाखवलं मला ह्ये," आबा म्हणाले. "मला वाटलं, तू बी वाचलं असशील."

परिषद नऊ दिवसांवर आली होती. मी तिथल्या तिथं फोनवर बघितलं, बिझनेस व्हिसाला कमीत कमी पंधरा दिवस लागणार होते. तसं मी आबांना सांगितलं.

"तुला काय वाटलं व्हतं, म्या तिथं कशाला चाललोय?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मला खोटं सुचेना. "फिरायला," मी म्हणालो.

"ऐन लागणीच्या दिवसांत?"

मी नामंजुरीचा कागद घडी करून परत पाकिटात घातला.

"मंग फारमात तू काय खोटं न्हाई लिहिलंस," आबा म्हणाले. त्यांनी पासपोर्ट खिशात ठेवला. "चल, उसाला पाणी द्यायचं हाय."