शेजारच्या टेबलावरचे चौकोन

रकाने आखण्याआधी जग तपासून घेणारे कारकून उभ्या मराठवाड्यात एकच झाले, आणि ते कळंबच्या एका कचेरीत सतरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसले. कुठलाही नमुना तयार करायचा म्हटलं की आम्ही पट्टी शोधायचो. हे गृहस्थ पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढायचे. एकात माणूस, दुसऱ्यात घर, तिसऱ्यात शेत. मग त्यांच्यामध्ये रेघा ओढत पुटपुटायचे, "वस्तू येगळी, नातं येगळं." घरीही तेच. वहिनी म्हणायच्या, "गूळ आणा म्हणलं की गूळ कशात मोडतो ते आधी ठरतंय. तोवर चहा आटून जातो!"

पुतणीच्या लग्नाची पत्रिका त्यांनीच रचली. थोरल्या भावाला विचारलं, "मामा हा काय माणसाचा प्रकार हाय का? तुमी हिचे बाप, तिचे मामा, माझे भाऊ. माणूस एकच ना? मग नाव एकदाच छापायचं." प्रत्येक नाव एकदा आणि मधे नात्यांच्या रेघा, अशी ती पत्रिका एसटीच्या नकाशासारखी दिसू लागली. अणदूरच्या मांडवात एक आत्याबाई ती उलटीसुलटी करत विचारत होत्या, "आरं, ह्यात नवरदेव कुठं उतरतोय?" सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो.

पुढं गावोगावच्या कुटुंबांची नोंद संगणकावर घ्यायचं ठरलं. आम्ही घर हा माणसाच्या नोंदीतलाच एक रकाना केला. सास्तूरचे दोन भाऊ एका छपराखाली राहायचे. आमच्या नमुन्यात त्यांची दोन घरं झाली. भूकंपानंतर नव्या घरात गेलेला माणूस तर पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागे. ह्यांनी माणूस आणि घर वेगळे काढले, मधे 'राहतो' अशी रेघ ओढली आणि तिच्यावर लिहिलं, 'केव्हापासून, केव्हापर्यंत'. गुंता सुटला.

दुसऱ्या दिवशी ते लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेले. तो कागद मी कचेरीच्या छापील नमुन्यावर सुवाच्य अक्षरात उतरवून साहेबांपुढं ठेवला आणि 'सादर करणार' ह्या शब्दांपुढं माझं नाव घातलं. शाल मला मिळाली. टाळ्या वाजवायला हे पहिल्या रांगेत होते. निवृत्त होईपर्यंत कचेरी त्यांना 'चौकोनवाले' म्हणून हसत राहिली आणि मी गप्प राहिलो.

परवा, माझ्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांच्या ओसरीवर बसून सगळं सांगून टाकलं.

"व्हय, ठाऊक होतं की मला," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं, रावसाहेब? नमुनाच चुकलेला. 'सादर करणार' हाय, 'विचार करणार' असा रकानाच न्हाय. तुमी तरी कुठं लिवणार?" आणि लई मजा वाटल्यासारखे हसले.

मीही हसलो. पण त्या कागदाच्या तळाशी शेऱ्यासाठी चार ओळींची जागा सोडलेली होती, आणि ती मला तेव्हाही दिसली होती. आज भरतो आहे: नमुना त्यांचा, अक्षर तेवढं माझं.