सात सर्टिफिकेटांचा नातू

माझ्या मोठ्या जावेच्या नातवाइतका शिकलेला आणि त्याच्याइतका बिनकामाचा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा नसेल. मेकॅनिकल इंजिनियर होऊन त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत त्याने नोकरी एकही धरली नाही, सर्टिफिकेटं मात्र सात मिळवली. पाइपचं वेगळं, एसीचं वेगळं, कंप्युटरवर नकाशे काढायचं वेगळं, यंत्राची थरथर ओळखायचं वेगळं. आमच्या वेळी सुतार एकच असायचा, तोच दार करायचा, तोच नांगर करायचा. आता म्हणे एकेका स्क्रूचा कोर्स असतो, आणि शिकवणारे सर कागद हातात ठेवून वर हसत सांगतात, पुढचा कोर्स केलात की नोकरी नक्की. त्या सरांना एकदा आमच्या खळ्यावर भर उन्हात उभं करायची माझी फार इच्छा आहे.

आमची घरं भिंतीला भिंत लावून, त्यामुळे त्याचा प्रत्येक कोर्स मी सोसला आहे. पाइपचा कोर्स चालू होता तेव्हा माझा नळ गळत होता. त्याने तासभर बसून नळाचा नकाशा काढला, त्यात रंगसुद्धा भरले, आणि म्हणाला, "आजी, तुझी लाइनच चुकलीय." नळ पुढे आठ दिवस गळला. एसीच्या कोर्समध्ये त्याने माझ्या चुलीची उष्णता मोजली आणि खिडकी पूर्वेला हवी होती असं ठरवलं. "तुझ्या आजोबांनी बांधलीय, वर जाऊन त्यांना सांग," मी म्हटलं. थरथरीच्या कोर्समध्ये तर तो मिक्सरवर, पंख्याच्या जाळीवर, उभ्या एसटीवर हात ठेवून डोळे मिटायचा. किन्हवलीच्या स्टँडवर कंडक्टरला वाटलं, पोरगा गाडीच्या पाया पडतोय.

यंदा दिवाळीनंतर मळणीचं मशीन भर खळ्यावर बंद पडलं. आभाळ भरून आलेलं, भाताचे भारे उघड्यावर, आणि हा ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेला.

"बघ रे जरा."

"आजी, माझं काम डिझाइनचं. मेंटेनन्सचा कोर्स जूनमध्ये हाय."

माझ्या तोंडून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "सोमवारी मुरबाडच्या कारखान्यात बोलावलंय ना तुला? त्यांनाही सांग, जूनपर्यंत थांबा."

"नाय जाणार मी." मग मान खाली घालून बोलला, "मागं एकदा गेलेलो गो दुसऱ्या एका कंपनीत. फाइल उघडलीच नाय त्यांनी. पाना दिला नि पंप खोल म्हणाले. सगळ्यांसमोर पाना खाली ठेवून आलो. कॉलेजात सर खोलायचे, आमी लांबून बघायचो. चार वर्षं."

चार वर्षं शिकवलं आणि पोराच्या हातात पाना दिला नाही! आमच्याकडे पोरगी सात वर्षांची झाली की तिला भाकरी थापायला बसवतात. पहिल्या दहा जळतात, त्या कुत्र्याला घालतात, अकरावी फुगते. लांबून बघून कोणाची भाकरी फुगली आहे?

मी पाना आणून त्याच्यापुढे टाकला. "खोल."

"मोडलं तर?"

"मोडलेलंच आहे रे गाढवा."

त्याने खोललं. दोन बोटं सोलून घेतली, एक नट तुसात हरवला, पट्टा उलटा बसवून पुन्हा काढला. मी शेजारी उभी राहून शिव्या देत होते. गप्प राहिले असते तर त्याने पाना पुन्हा खाली ठेवला असता. शेवटी जाम झालेलं बेअरिंग सापडलं. ते धुऊन, ग्रीस भरून बसवलं आणि मशीन फिरलं, तोवर निम्मे भारे भिजले होते. जाऊबाई रडल्या, मी नाही रडले.

सोमवारी तो मुरबाडला गेला. संध्याकाळी आला तो काळी नखं घेऊन. हात धुताना एवढंच म्हणाला, "आजी, उद्या पाचला हाक मार गो. पहिली शिफ्ट हाय."

आता रोज पाचला हाक मारते. तो जातो, ओटा रिकामा होतो, आणि जिच्या तोंडाला सगळी आळी भिते त्या मला दिवसभर बोलायला कोणी नसतं.